डीप-स्काय फोटोग्राफी शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेजोमेघ, दीर्घिका आणि तारकागुच्छ यांचे फोटो काढायला नव्याने शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्याचे अक्षांश, म्हणजे साधारण १५ ते २१ अंश उत्तर, डोळ्यासमोर ठेवून दिली आहेत. या विषयावरचा बहुतेक सल्ला युरोप-अमेरिकेच्या आकाशासाठी लिहिलेला असतो. आपला ध्रुवतारा, आपला पाऊस आणि आपलं दक्षिणेचं आकाश वेगळं आहे, त्यामुळे तो सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

माझ्याकडे टेलिस्कोप नाही. तरी सुरुवात करता येईल का?

करता येईल, आणि तशीच करावी. देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१, आकाशात जवळजवळ ३ अंश पसरलेली आहे. सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी-शेजारी ठेवले तर जेवढी लांबी होईल तेवढी. मृगातला तेजोमेघ, एम ४२, एक अंशाच्या आसपास आहे. या वस्तू लहान नाहीत, अंधूक आहेत. त्यामुळे मोठेपणा वाढवणाऱ्या टेलिस्कोपपेक्षा प्रकाश गोळा करायला पुरेसा वेळ देणं जास्त महत्त्वाचं ठरतं. ८५, १३५ किंवा २०० मिमीची लेन्स असेल तर पहिली दोन वर्षं पुरतील एवढे विषय हाताशी आहेत.

उलट, सुरुवातीलाच लांब फोकल लेंग्थचा टेलिस्कोप घेतला की ट्रॅकिंगची, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांमागे फिरवण्याची, प्रत्येक बारीक चूक मोठी होऊन दिसते. अनेकांचा उत्साह तिथेच मावळतो.

कॅमेरा कोणता घ्यावा?

घरात डीएसएलआर किंवा मिररलेस असेल तर तोच. मॅन्युअल मोड, रॉ फाइल आणि बदलता येणारी लेन्स एवढं असलं की झालं. सेकंडहँड डीएसएलआरही उत्तम चालतो, फक्त घेण्याआधी सेन्सरवर बुरशी नाही ना ते पाहा.

एक मर्यादा मात्र माहीत असावी. तेजोमेघांचा लाल रंग हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या प्रकाशातून येतो आणि साध्या कॅमेऱ्यातला सेन्सरवरचा फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. म्हणून काही जण तो फिल्टर काढून घेतात. पहिल्या हंगामात या वाटेला जायची गरज नाही. एम ४२, कृत्तिका, देवयानी आणि बहुतेक तारकागुच्छ न बदललेल्या कॅमेऱ्यातही सुंदर येतात.

ट्रॅकर नाही, फक्त ट्रायपॉड आहे. काही होईल का?

होईल, आणि शिकायला ही उत्तम जागा आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर आणि ५० मिमीची लेन्स असेल तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला जवळपास एक पिक्सेल पुढे जातो. १३५ मिमीला तो अडीच पिक्सेलहून जास्त सरकतो. फिल्मच्या काळातला '५०० चा नियम' (५०० ला फोकल लेंग्थने भागून एक्स्पोजरचे सेकंद काढणं) आजच्या बारीक पिक्सेलना सैल पडतो. ३०० ला फोकल लेंग्थ आणि क्रॉप फॅक्टरच्या (इथे १.५) गुणाकाराने भागा: ५० मिमीला ४ सेकंद, १३५ मिमीला दीड सेकंद.

४ सेकंदांच्या ९०० फ्रेम काढल्या की एक तास झाला; नंतर त्या संगणकावर एकावर एक रचायच्या, म्हणजे स्टॅक करायच्या. ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हलोमीटर लावायचा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी तेजोमेघ पुन्हा मध्यावर आणायचा. जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास मृग दक्षिणेला चांगला ६५ अंश वर असतो, तेव्हा हा प्रयोग करून पाहा. एम ४२ ची पंखासारखी पसरलेली कड आपल्याच कॅमेऱ्यातून उमटलेली दिसते तेव्हा काय वाटतं, ते ज्याचं त्याने अनुभवावं.

पैसे आधी कशावर खर्च करू?

माउंटवर, म्हणजे कॅमेरा पेलून आकाशाबरोबर फिरवणाऱ्या बैठकीवर. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमी आहे. कॅमेरा आणि लेन्स बऱ्यापैकी असली, पण आकाशाबरोबर नीट फिरणारा ट्रॅकर असला, तर फोटो चांगले येतात. महागडा टेलिस्कोप डळमळत्या माउंटवर ठेवला तर काहीच हाती लागत नाही. स्काय-वॉचर स्टार ॲडव्हेंचरर किंवा आयऑप्ट्रॉन स्कायगायडर यांसारखे छोटे ट्रॅकर कॅमेरा आणि मध्यम लेन्स आरामात पेलतात, पाठीवरच्या सॅकमध्ये मावतात आणि पॉवर बँकेवर रात्रभर चालतात. कंपनीने सांगितलेल्या वजनक्षमतेच्या निम्म्या-साठ टक्क्यांपर्यंतच वजन ठेवा. परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क धरूनच हिशोब करा.

ट्रॅकरनंतर मजबूत ट्रायपॉड. त्यानंतर दव रोखणारी हीटरची पट्टी. टेलिस्कोप त्याच्याही नंतर.

ध्रुवतारा सापडत नाही. पोलर अलाइनमेंट कशी करू?

पोलर अलाइनमेंट म्हणजे ट्रॅकरचा फिरण्याचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणं. आपल्याकडची ही खरी अडचण आहे, म्हणून जरा सविस्तर.

ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश. नागपुरात तो २१ अंशांवर असतो, मुंबईत १९, पुण्यात साडेअठरा, कोल्हापुरात पावणेसतरा आणि पणजीत जेमतेम साडेपंधरा. इतक्या खाली धुरकट हवा असते, शहराचा उजेड असतो, सह्याद्रीची एखादी सोंडही आडवी येते. त्यामुळे जागा निवडताना दक्षिणेचं मोकळं आकाश पाहण्याआधी उत्तर पाहा. डोंगराच्या दक्षिण उतारावर तंबू ठोकलात तर ध्रुव दिसणारच नाही.

शोधण्यासाठी सप्तर्षींचा आधार घ्यायला आपण शाळेत शिकतो, पण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडे क्षितिजाखाली असतात. तेव्हा शर्मिष्ठा तारकासमूहाचा एम आकार बघा. ती ध्रुवाच्या वरच्या अंगाला छान उभी असते. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत सप्तर्षी कामाला येतात.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब आहे. म्हणून पोलर स्कोपच्या, म्हणजे ट्रॅकरमधल्या छोट्या दुर्बिणीच्या, मधल्या फुलीवर तो ठेवायचा नसतो. फोनवरचं पोलर अलाइनमेंटचं ॲप त्या क्षणी तो वर्तुळावर कुठे असायला हवा ते घड्याळाच्या काट्यासारखं दाखवतं, तिथे आणायचा. क्रम असा ठेवा: आधी ट्रायपॉडची पातळी, मग होकायंत्राने साधारण उत्तर, मग वेजवर (ट्रॅकरखालच्या तिरक्या बैठकीवर) अक्षांश, मग कॅमेरा-लेन्स चढवून पुन्हा एकदा बारीक जुळवणी. वजन चढवल्यावर सगळं किंचित हलतं, म्हणून शेवटची तपासणी त्यानंतरच करायची. वेज इतका खाली झुकलेला असताना काउंटरवेटचा (तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडू शकतो. सुरुवातीलाच पाय असे ठेवा की दांडा दोन पायांच्या मधून जाईल आणि अंधार पडण्याआधी माउंट पूर्ण फिरवून बघा.

उत्तर अजिबात दिसत नसेल, उदाहरणार्थ दक्षिणमुखी गॅलरीतून, तर लॅपटॉपवरच्या निना या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आकाशाच्या कुठल्याही भागातले तीन फोटो घेऊन जुळवणी करण्याची सोय आहे. त्यासाठी संगणकावरून चालणारं मोटरचं माउंट असलं तर काम सोपं होतं.

वर्षातले कोणते महिने चांगले?

ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. दिवाळीच्या आसपास पावसाने धुतलेली हवा मिळते, पण दवही भरपूर पडतं. डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री लांब आणि कोरड्या. मार्चनंतर हवेत धूळ वाढते, तरी आकाशगंगेच्या मध्यभागासाठी तेच दिवस वापरावे लागतात. हा मध्यभाग ज्यांत आहे ते धनू-वृश्चिक संध्याकाळी दक्षिणेला सगळ्यात वर येतात ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा आपण ढगांखाली असतो. म्हणून आपल्याला ते एप्रिल-मेच्या उत्तररात्री गाठायचे असतात.

चंद्राचं गणित कसं ठेवायचं?

भिंतीवरचं तिथी दाखवणारं कॅलेंडर यासाठी कुठल्याही ॲपच्या तोडीचं आहे. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं १२ अंशांचं अंतर, त्यामुळे तिथी कळली की चंद्र कधी उगवणार-मावळणार याचा अंदाज येतो. शुक्ल चतुर्थीला चंद्र रात्री नऊ-साडेनऊपर्यंत मावळतो आणि पुढची रात्र तुमची. कृष्ण अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे संध्याकाळचे विषय उरकता येतात. कृष्ण दशमी ते शुक्ल चतुर्थी हा पट्टा उत्तम. त्यात शनिवार आला तर बेत ठरवून टाका.

मी मुंबईत किंवा पुण्यात राहतो. गच्चीवरून काहीच जमणार नाही का?

जमतं, पण वेळेची किंमत मोजून. शहराच्या मधल्या भागात आकाशाची प्रखरता दर चौरस विकलेला १८ मॅग्निट्यूडच्या आसपास असते आणि घाटमाथ्यापलीकडच्या चांगल्या गावात ती २१ च्या जवळ जाते (आकडा जितका मोठा तितकं आकाश काळोखं). ३ मॅग्निट्यूडचा फरक म्हणजे जवळपास १६ पट. गावात एका तासात मिळणारा दर्जा शहरातून हवा असेल तर ढोबळमानाने सोळा तास जमवावे लागतील.

त्यातूनही वाट आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या ठरावीक तरंगलांबीच आत सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर लावला की प्रकाश टाकणारे तेजोमेघ शहरातूनही निघतात. दीर्घिका, तारकागुच्छ आणि कृत्तिकेभोवतीची निळी धूळ यांना मात्र तो उपयोगी नाही, कारण त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांचा असतो. जुने प्रकाशप्रदूषण-फिल्टर पिवळ्या सोडियम दिव्यांसाठी बनवलेले होते. रस्त्यावर पांढरे एलईडी आल्यापासून त्यांचा फायदा खूपच घटला आहे, त्यांच्यावर पैसे घालू नका.

माझं मत विचाराल तर गच्ची ही सरावाची जागा आहे. फोकस, अलाइनमेंट, सामान जोडणं हे सगळं तिथे हातात बसवा, म्हणजे काळोखात गेल्यावर रात्र वाया जात नाही.

काळोखात जायचं तर कुठे?

भंडारदरा परिसर, जुन्नरच्या पुढचा भाग, मावळ-मुळशीच्या आतली गावं, विदर्भात जंगलांच्या कडेचा मुलूख. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. नागपूरकरांना ही मोठी सोय झाली आहे. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनाही जुन्नरचा पट्टा मानवतो: पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटर आरशाची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीला आहे.

एकट्याने जाऊ नका. मुंबईचं खगोल मंडळ रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. अशा मंडळींबरोबर एक रात्र काढली की पुस्तकांतून महिनाभर न सुटणाऱ्या गोष्टी सुटतात. गडावर किंवा वनहद्दीत मुक्काम करायचा असेल तर आधी परवानगी विचारा. गावात राहणार असाल तर यजमानांना अंगणातला दिवा बंद ठेवायची विनंती करा आणि त्यांनाही एकदा स्क्रीनवरचा फोटो दाखवा. पुढच्या वेळी ते स्वतःच दिवे मालवतात.

पहिले विषय कोणते निवडू?

नोव्हेंबरात देवयानी दीर्घिका: रात्री नऊच्या सुमारास जवळपास डोक्यावर. डिसेंबरात कृत्तिका. जानेवारीत एम ४२, ज्याचा गाभा इतका तेजस्वी आहे की लांब एक्स्पोजरमध्ये पांढरा फटक होतो. म्हणून ५-१० सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम काढून नंतर गाभा त्यातून घ्यायचा.

आणि एप्रिलमध्ये ओमेगा सेंटॉरी. या विषयाकडे आपल्या मंडळींचं दुर्लक्ष होतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. नरतुरंगातला हा गोलाकार तारकागुच्छ आकाशगंगेतला सगळ्यात मोठा, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा. उत्तर युरोपातून तो उगवतच नाही. आपल्याकडे तो मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला २३-२४ अंशांपर्यंत चढतो, आणि काळोख्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनाही पुसट ठिपक्यासारखा कळतो. धनूतला लगून तेजोमेघ, एम ८, लंडनहून जेमतेम १४ अंशांवर येतो. मुंबईच्या अक्षांशावरून मेमध्ये पहाटे अडीच-तीनला तो ४६ अंशांवर असतो. उत्तरेकडच्या छायाचित्रकारांना हेवा वाटावा असं हे दक्षिणेचं आकाश आहे.

फोकस नीट होत नाही.

ऑटोफोकस आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. व्याधासारखा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठा करून बघा. रिंग अगदी हळू फिरवली की तारा आक्रसत जातो, एका जागी टाचणीच्या टोकाएवढा होतो, आणि त्यापुढे पुन्हा फुगायला लागतो. थोडं पुढे जाऊन मागे या, सगळ्यात लहान कुठे होता ते हाताला कळेल. त्या क्षणी आजूबाजूला आधी न दिसणारे बारीक तारेही स्क्रीनवर उगवतात; फोकस बसल्याची ती खूण. मग रिंगवर कागदी टेप लावा.

आणखी नेमकं हवं असेल तर बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे ठरावीक खाचा पाडलेली चकती, वापरा. लेन्ससमोर धरला की ताऱ्याला तीन रेघा फुटतात आणि मधली रेघ बरोबर मध्यावर आली की काम झालं. रात्री तापमान उतरतं तसा फोकस सरकतो, म्हणून तासा-दीड तासाने पुन्हा बघा.

आयएसओ आणि एक्स्पोजर किती ठेवू?

ट्रॅकर असेल तर आयएसओ ८०० किंवा १६०० आणि ३० ते १२० सेकंद. हिस्टोग्राममधला (कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखातला) उंचवटा डाव्या भिंतीपासून सुटून एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांशापर्यंत आला की बस. शहराच्या उजेडात हे ३० सेकंदांतच होतं, मग फ्रेम लांबवण्यात अर्थ नाही. लेन्स एक-दोन स्टॉप बंद करा, कडेचे तारे सुधारतात. फाइल रॉच. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर अर्धी रात्र त्यातच जाईल.

एका विषयाला एकूण किती वेळ द्यावा?

तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त. फ्रेम एकावर एक रचल्या की वस्तूचा प्रकाश फ्रेमच्या संख्येच्या पटीत वाढतो आणि नॉइज फक्त तिच्या वर्गमुळाच्या पटीत. म्हणून दर्जा दुप्पट करायला वेळ चौपट लागतो. एक तासाचा फोटो दुप्पट चांगला व्हायला चार तास, त्याच्याही दुप्पट व्हायला सोळा. नवखे लोक एका रात्रीत पाच-सहा विषयांना वीस-वीस मिनिटं देतात आणि सगळेच फोटो दाणेदार येतात. एका रात्री एकच विषय घ्या. जमल्यास पुढच्या अमावास्येला पुन्हा तोच, आणि दोन्ही रात्रींच्या फ्रेम एकत्र करा.

हेन्री ड्रेपर यांनी सप्टेंबर १८८० मध्ये एम ४२ चा पहिला फोटो काढला तेव्हाही एका काचेवर जवळजवळ तासभर प्रकाश साठवला होता.

डार्क, फ्लॅट आणि बायस फ्रेम खरंच लागतात?

फ्लॅट हवेतच. लेन्सच्या कडेचा काळोख आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग त्यांनीच जातात. फोकस आणि कॅमेऱ्याची दिशा न हलवता लेन्सवर धुतलेला पांढरा टी-शर्ट ताणून पहाटेच्या उजळ आकाशाकडे वीस-तीस फ्रेम घ्या, हिस्टोग्राम मध्यावर ठेवून. बायस म्हणजे झाकण लावून सगळ्यात वेगवान शटरवर काढलेल्या फ्रेम, दोन मिनिटांचं काम. डार्कही झाकण लावूनच काढायच्या, पण त्या त्याच तापमानाला, तेवढ्याच एक्स्पोजरच्या लागतात, आणि आपल्याकडे रात्रीत तापमान बरंच उतरत असल्याने डीएसएलआरला ते जुळवणं अवघड जातं. त्यापेक्षा दर काही फ्रेमनंतर कॅमेरा काही पिक्सेल सरकवा, म्हणजे डिदरिंग करा. फायदा जास्त होतो.

स्टॅकिंग केलं, पण फोटो काळाच दिसतो.

तसाच दिसायला हवा. स्टॅक केलेली फाइल लिनियर असते, म्हणजे तिचा उजेड अजून ताणलेला (स्ट्रेच केलेला) नसतो; तेजोमेघ तिच्या हिस्टोग्रामच्या अगदी डाव्या कोपऱ्यात दबलेला असतो. सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. त्यात खालच्या पट्टीत 'लिनियर' ऐवजी 'ऑटोस्ट्रेच' निवडा. काळ्या पडद्यातून दीर्घिकेचा धुळीचा पट्टा वर येतो. हे फक्त दाखवण्यापुरतं असतं, फाइल बदललेली नसते.

पुढचा क्रम पाळा: कडा कापा, आकाशातला उजेडाचा चढ-उतार काढा (ग्रॅक्सपर्ट हेही मोफत आहे), ताऱ्यांच्या नोंदींशी ताडून रंग जुळवा आणि मगच खरोखर स्ट्रेच करा, थोडं-थोडं. विमानं आणि उपग्रहांच्या रेघांची चिंता नको. वीसेक फ्रेम असल्या की स्टॅकिंगमधली सिग्मा क्लिपिंग ही पद्धत त्या काढून टाकते. आकाश ठार काळं करू नका. नैसर्गिक पार्श्वभूमी गडद राखाडी असते, आणि सगळ्यात नाजूक तपशील त्या राखाडीतच असतो.

डोळ्यांना तर हे रंग दिसत नाहीत. मग फोटोतले रंग खरे का?

अंधूक प्रकाशात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, म्हणून तेजोमेघ करडा दिसतो. प्रकाश मात्र खरोखर लाल असतो, आणि कृत्तिकेभोवतीची धूळ खरोखर निळी. गंधक, हायड्रोजन, ऑक्सिजन यांना ठरवून रंग दिलेले हबलच्या धर्तीचे फोटो वेगळे. तसं केलं असेल तर फोटोखाली लिहावं.

स्मार्ट टेलिस्कोप घेतला तर हे सगळं टळेल?

बरंचसं टळेल. सीस्टारसारखं यंत्र स्वतः विषय शोधतं, फोकस करतं आणि दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम रचत जातं. गच्चीवरून मुलांना, आजी-आजोबांना तेजोमेघ दाखवायला याहून चांगलं काही नाही. पण हे कसब शिकायचं असेल तर कॅमेरा आणि ट्रॅकरचीच वाट धरा. लेन्स बदलता येते, सामान वाढवता येतं, आणि प्रत्येक पायरी तुमच्या हातात राहते.

दव पडून लेन्स धुरकटते.

ताऱ्यांभोवती अचानक मऊ वलयं दिसू लागली की लेन्सवर दव बसलं असं समजा. पुसू नका. यूएसबीवर चालणारी हीटर पट्टी लेन्सच्या पुढच्या कडेला सुरुवातीपासूनच गुंडाळा आणि लेन्स हूड लावा. कोकणात आणि धरणांच्या काठी ही पट्टी नसेल तर मध्यरात्रीनंतर काम थांबतं.

पावसाळ्यात चार महिने काय करायचं?

सामान आधी जपा. लेन्स आणि कॅमेरा बॅगेत कोंडून ठेवले तर सप्टेंबरपर्यंत बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखा; जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरा. मग हंगामातल्या रॉ फाइल उघडा आणि तोच डेटा नव्याने प्रोसेस करा. मेपेक्षा ऑगस्टमध्ये त्याच फ्रेममधून जास्त निघतं, कारण मधल्या काळात तुमचा हात बसलेला असतो. स्टेलेरियम या आकाशाच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या लेन्स-कॅमेऱ्याची चौकट टाकून पुढच्या हंगामातले विषय ठरवा, प्रत्येकापुढे महिना आणि अमावास्येची तारीख लिहा. यादी लहान ठेवा, तीन-चार विषय पुरेत.